कौतुक नको, थांबायला जागा द्या

दसरा जवळ आला की पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या गटांत एक वाद हमखास पेटतो. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, सकाळची हवा कोरडी झालेली असते. रविवारी पहाटे बोपदेव नाहीतर दिवे घाट चढायचा, सासवडच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्यांकडून सीताफळं घ्यायची, कुठेतरी मिसळ खायची आणि ऊन तापायच्या आत घर गाठायचं, असा अनेकांचा शरदातला शिरस्ता. मग फोटो पडतात आणि फोटोखाली मजकूर येतो की थेट शेतकऱ्याकडून घ्या, मधला दलाल हटवा, शेतकरी जगवा. त्यावर कोणीतरी खवचटपणे लिहितो की सायकलीच्या नुसत्या चाकांच्या किमतीत त्या बाईचं वर्षभराचं खत येईल, आणि साहेब दोन किलो सीताफळं घेऊन कृषिक्रांती करून आले. पुढचे चार दिवस एक बाजू पुण्याईचा हिशेब सांगते, दुसरी ढोंगाचा. दिवाळीचा फराळ सुरू झाला की दोन्ही बाजू थंडावतात, पुढच्या दसऱ्यापर्यंत.

मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आला आहे, कारण दोघंही एकच प्रश्न विचारतात आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. ‘या खरेदीने शेतकऱ्याचं भलं होतं का?’ असं विचारलं की एक ‘हो’ म्हणतो, दुसरा ‘छे’ म्हणतो, आणि पाटीमागे बसलेलं माणूस दोघांच्याही बोलण्यातून गायब होतं. माझं म्हणणं असं आहे: रस्त्याकडेच्या विक्रीने शेतीचा प्रश्न सुटत नाही आणि सुटणारही नाही. पण बाजार समितीखेरीज माल विकायला आणखी एक दार शेतकऱ्याला उघडं असणं, याची किंमत किलोत आणि रुपयांत पुरती मोजता येत नाही. आणि हेच दार रस्ते रुंद करण्याच्या भरात आपण बंद करत चाललो आहोत. भांडायचंच असेल तर त्यावर भांडावं.

आधी तिथे विकलं जातं काय, ते बघू. सासवड ज्यात येतं तो पुरंदर हा कमी पावसाचा तालुका. मुरमाड उतारावर, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे सीताफळ येतं. पावसावर पोसलेल्या झाडांचा माल दसरा-दिवाळीच्या आसपास भरात असतो. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी, सिंगापूर या बाजूला अंजिराच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खट्टा बहाराची अंजिरं साधारण दिवाळीच्या सुमारास दिसू लागतात, मीठा बहार उन्हाळ्याकडे. ही दोन्ही फळं स्वभावाने नाजूक. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळसर झाल्या, की ते तोडायला आलं. तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते मऊ पडतं आणि त्यानंतर त्याला हात लावला तरी फुटतं. अंजिराचं तर त्याहून अवघड. ते झाडावरच पिकावं लागतं, कच्चं तोडलं तर पुढे गोडी धरत नाही, आणि पिकलेलं एक दिवस जेमतेम टिकतं. पहाटे तोडणी करायची, देठातून निघणारा चीक बोटांना चावत असतो, आणि उजाडायच्या आत माल गाडीत गेला नाही तर त्या दिवसाचं काही खरं नाही.

आता पाटीपाशी उभं राहून बघा. बसलेली बाई सीताफळांचे दोन-तीन ढीग लावते. एकात आज खायची, एकात उद्याची, एकात चार दिवसांनी होणारी. ‘कवा खायचीत?’ हा तिचा पहिला प्रश्न, भावाची गोष्ट नंतर. लिलावाला जाणाऱ्या मालाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे टणक मालच जाऊ शकतो, कारण त्याला अजून अडत्या (बाजारात कमिशनवर माल विकून देणारा), खरेदीदार, टेम्पो आणि किरकोळवाल्याची गाडी एवढा प्रवास करायचा असतो. झाडावर एक दिवस जास्त राहिलेलं, म्हणून जास्त गोड झालेलं फळ त्या साखळीत खराब माल ठरतं. तेच फळ रस्त्याकडेला सर्वांत चांगला माल असतं. (अंजिरं मात्र सायकलच्या पिशवीत घालून घाट उतरू नये. घरी पोचतो तो जॅम. ती तिथेच उभ्या उभ्या खावीत.)

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत. पहिला मुद्दा मालाच्या मापाचा. बागेत भर हंगामात रोज क्रेटच्या क्रेट निघतात. रस्त्यावरचं गिऱ्हाईक, मग ते सायकलवर असो की मोटारीत, दोन-चार किलो नेणार. बाकीचा माल शेवटी सासवडच्या नाहीतर पुण्याच्या बाजारातच जाणार. दुसरा मुद्दा जागेचा. ज्याचं शेत रस्त्याला लागून आहे त्यालाच ही सोय. दोन ओढे ओलांडून आत ज्याची बाग आहे त्याने काय करायचं? तिसरा मुद्दा सर्वांत झोंबणारा: बसलेली प्रत्येक व्यक्ती शेतकरी असते असं नाही. काही जण बाजारातून माल उचलून आणतात आणि ‘आमच्याच शेतातला’ म्हणून विकतात. हे मी नाकारत नाही, नियमित जाणाऱ्याला ते दिसतंच. ज्या फळाचा त्या भागात हंगाम नाही ते पाटीत दिसलं की समजायचं. आणि चौथा, दिवसभर रस्त्यावर बसण्याच्या मजुरीचा. ती कोणी धरत नाही. थेट विक्रीत शेतकऱ्याला ‘पूर्ण भाव’ मिळतो असं म्हणणाऱ्याने ती मजुरी आधी वजा करावी.

हे सगळं मान्य करून मी आणखी एक पाऊल पुढे जातो. दलाल हटवा ही घोषणा मला पटत नाही. अडत्याला खलनायक करणं सोपं आहे, पण लग्नसराईत किंवा दवाखान्याच्या वेळी उचल तोच देतो, क्रेट तोच पुरवतो आणि मालातलं चांगलं-वाईट सगळं एकदम उचलायची तयारी त्याचीच असते. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोला सुमारे ३३ पैसे, कांद्याला ३६, बटाट्याला ३७ पैसे शेतकऱ्याकडे पोचतात. फळांमध्ये केळीला ३१, द्राक्षांना ३५ आणि आंब्याला ४३. हे आकडे वाचून रक्त तापतं, तापायलाही हवं. पण उरलेले साठ-सत्तर पैसे एका माणसाच्या खिशात जात नाहीत. त्यात गाडीभाडं आहे, हमाली-तोलाई आहे, नासलेला माल आहे, आणि तुमच्या-आमच्या कोपऱ्यावर उन्हात हातगाडी लावणाऱ्याचं पोट आहे. रस्त्याकडेला विकणारी बाई ही सगळी कामं स्वतः करते, म्हणून ते पैसे तिला मिळतात. तिने कोणाचे हिसकावून घेतलेले नसतात, कमावलेले असतात.

थेट विक्री म्हणजे आपोआप चांगली विक्री, या समजाला तर याच परिसराचा इतिहास मोठं उत्तर आहे. सासवडहून जेजुरी, जेजुरीहून मोरगाव आणि तिथून थोडं पुढे गेलं की सुपे लागतं. लांबचा पल्ला मारणारे सायकलवाले याच वाटेने जातात आणि बहुतेकांना त्या गावात काय झालं होतं याचा पत्ता नसतो. सुपे तेव्हा बाजाराचं मोठं गाव होतं, सावकारांच्या पेढ्यांचं. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले कुणबी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद हिसकावून जाळले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाचे भाव चढले होते तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध १८६५ ला संपलं, भाव कोसळले, कर्ज आखडलं, आणि वर सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो चढवला. पण आपल्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तो कुणबी माल कोणाला विकत होता? ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्याच सावकाराला, खळ्यावरूनच, तो सांगेल त्या भावाने. मध्ये कोणी अडत्या नव्हता, कोणी कमिशन कापत नव्हतं. याहून थेट विक्री कोणती असते?

म्हणजे दुखणं मधल्या माणसात नव्हतं, दुसरा घेणारा नसण्यात होतं. त्या दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. बाजाराच्या बाजूने इलाज यायला मात्र फार वेळ लागला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची आणि माल ज्याचा त्यालाच तो भाव कळू द्यायचा नाही, ही पद्धत बाजारपेठांत पुढेही चालू राहिली. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा १९६३ चा. उघड लिलाव, अनेक खरेदीदार, वजनाची हमी, पैसे बुडू नयेत म्हणून परवाने, हे सगळं शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीच आलं. आज ज्या बाजार समितीला आपण शिव्या देतो, ती त्या काळी सावकाराच्या दारापलीकडचं दुसरं दार म्हणूनच उभी राहिली होती. पुढे तिथेच मोजक्या लोकांची मक्तेदारी झाली, अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्याच पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापली जाऊ लागली, आणि २०१६ मध्ये सरकारला फळं-भाजीपाला नियमनमुक्त, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायला मोकळा, करावा लागला, अडत खरेदीदाराकडून घ्या असं सांगावं लागलं. ज्या इलाजाने एक मक्तेदारी मोडली त्याचीच काही दशकांनी मक्तेदारी झाली. मग त्या वेळी शेतकऱ्याला काय लागतं? पुन्हा आणखी एक घेणारा. तो मोठा असायलाच हवा असं नाही. तो आहे एवढं समोरच्याला माहीत असलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

रस्त्याकडेच्या पाटीचं मोल मला इथे दिसतं. बागेतला दहावा हिस्सा माल जरी रस्त्यावर जाऊ शकत असेल, तरी उरलेल्या नऊ हिश्श्यांच्या लिलावात शेतकरी वेगळ्या पायावर उभा असतो. आज भाव पडलाय म्हणून मऊ पडायला आलेला माल मिळेल त्या किमतीला सोडायची पाळी त्याच्यावर येत नाही. ‘राहू द्या, हा घाटात बसवतो,’ असं तो म्हणू शकतो. आणि एरवी त्याला भाव सांगितला जातो. घाटात भाव तो सांगतो. ज्याला आयुष्यभर आपल्या मालाची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय आहे, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

दुसरं मोल फळांच्या जातींचं आहे. गेल्या काही वर्षांत सीताफळाची लागवड झपाट्याने बदलली. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं एनएमके-१ गोल्डन हे वाण राज्यभर पसरलं, कारण त्याचं फळ मोठं, बिया कमी आणि टिकाऊपणा जास्त. शेतकऱ्याने ते लावलं यात त्याचं काही चुकलं नाही. लांबच्या बाजारासाठी ते उत्तमच आहे. पण बाजार फक्त लांबचाच उरला तर हळूहळू लागवडही फक्त प्रवासाला सोसेल त्याच फळाची होणार. पुरंदरातच जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिथून फुले पुरंदरसारखं सीताफळाचं वाण आलेलं आहे, आणि बांधावरची जुनी गावठी झाडं तर कोणी मुद्दाम लावलेलीही नाहीत. त्या गावठी सीताफळात बिया जास्त, गर कमी, आणि गोडी अशी की बोटं चिकटतात. त्याला पुण्याच्या दुकानात जागा नाही. त्याला जागा आहे ती पिकलेलं फळ त्याच दिवशी नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत. ते गिऱ्हाईक नसेल तर बांधावरचं झाड सरपणाला जायला किती दिवस लागतील?

तिसरी गोष्ट पैशाच्या वाटेची, आणि ती या वादात कोणीच काढत नाही. बाजार समितीतली पट्टी बहुधा ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या नावाने फाटते, त्यातून अडत्याची उचल वळती होते, उरलेलं खात्यावर जातं. रस्त्याकडेला मात्र पाटीमागे बहुतेक वेळा बाई असते. तिथली रोकड तिच्या बटव्यात पडते आणि घरी जाताना किराणा, मुलीची वही, सासूचं औषध अशी खर्च होते. आता सगळीकडे क्यूआरचे फलक लागलेत. हिवऱ्याच्या पुढे एका मावशींना मी फोन दाखवला तर त्या म्हणाल्या, ‘दादा, सुट्टं असलं तर रोखच द्या की. त्या फोनातलं पैसं पोराकडं जात्यात.’ डिजिटल व्यवहारांवरच्या कुठल्याही व्याख्यानात हे वाक्य मला ऐकायला मिळालं नव्हतं. तेव्हापासून शंभराच्या नोटा घेऊन निघतो.

मग यात सायकलवाल्याचं वेगळं ते काय? खरं सांगायचं तर खरेदीच्या मापात काहीच नाही. मोटारीतून येणारं कुटुंब आख्खी पाटी डिकीत टाकून जातं. सायकलवाला दोन किलोत आटपतो, वर पाणी मागतो. उलट काही जण पाच रुपयांसाठी अशी घासाघीस करतात की बघणाऱ्याला लाज वाटावी. घासाघीस करणं हा गुन्हा नाही, ती बाजाराची भाषाच आहे, आणि त्या बायका तुमच्या-माझ्यापेक्षा ती चांगली बोलतात. पण फोटोखाली ‘शेतकरी जगवा’ लिहायचं असेल तर निदान घासाघिशीचा मोह आवरावा. असो. सायकलवाल्याचा उपयोग त्याच्या वेगात आहे. तो ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जातो, त्याला ढीग दिसतात, हाक ऐकू येते, आणि थांबायला त्याला हातभर जागा पुरते. शिवाय तो हमरस्ता टाळतो. गर्दीचा दिवे घाट सोडून बोपदेवावरून भिवरी, चांबळी, कोडीत अशा गावांतून तो फिरतो, जिथे मोटारींचा लोंढा अजून पोचलेला नाही. ज्याचं शेत महामार्गाला लागून नाही त्याने काय करायचं, या आक्षेपाचं थोडं तरी उत्तर या आडवाटेवरच्या गिऱ्हाइकात आहे. थोडंच, पुरतं नाही. सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने, पाऊस उघडल्यापासून हुरड्याच्या दिवसांपर्यंत येणारं गिऱ्हाईक म्हणजे विकणाऱ्याला आदल्या दिवशी काय तोडायचं याचा अंदाज. उपकाराची भाषा करण्यापेक्षा या नियमितपणाची किंमत जास्त आहे.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं चालतं ते रस्ता संथ असेल तर. रस्त्याचा वेग वाढला की पाटी मरते. त्याला कोणी दुष्ट माणूस लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकी नाही, पायी माणूस नाही, थांबायची मुभा नाही. तिथे विक्री होते ती ठरावीक ठिकाणच्या फूड मॉलमध्ये, आणि त्या मॉलमध्ये मावळातली बाई करवंदांचा द्रोण घेऊन बसू शकत नाही. जुन्या महामार्गावर ती बसू शकते. द्रुतगती मार्ग चुकला असं मला म्हणायचं नाही. त्याची गरज होती. पण प्रत्येक रस्त्याला द्रुतगती मार्गाचं रूप देण्याची जी घाई चालली आहे तिच्यात काय गमावतो याचा हिशेब कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो. वाचलेल्या मिनिटांचे रुपये मांडले जातात. न थांबलेल्या गिऱ्हाइकांचे कोण मांडणार?

पुरंदरच्या पोटातून जाणारा रस्ता हा साधासुधा नाही. तो ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग आहे: पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण करत पंढरपूर. त्याच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. दिवे घाटाचं रुंदीकरणही हाती घेतलेलं आहे. घाटातल्या कोंडीत ज्याने तास काढले आहेत तो या रुंदीकरणाला विरोध करणार नाही. मीही करत नाही. पण चौपदरी झालेल्या रस्त्याच्या कडेला पाटी मांडली की ती अतिक्रमण ठरते. महामार्गाच्या हद्दीतलं अतिक्रमण काढायला २००२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. शहरातल्या फेरीवाल्याला निदान २०१४ च्या कायद्याने काही संरक्षण दिलं. त्याचं सर्वेक्षण व्हावं, त्याला जागा नेमून द्यावी, सरसकट हाकलू नये, असं त्यात आहे. तो कायदा आहे शहरांपुरता. गावच्या रस्त्यावर स्वतःच्या बागेतलं फळ विकणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. लक्ष्मी रोडवरच्या फेरीवाल्याला कागदावर जेवढा हक्क आहे, तेवढाही तिला नाही. ‘थेट शेतकऱ्याकडून घ्या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

यावर उपाय काय, असं विचारलं की लोक शेतकरी आठवडे बाजाराकडे बोट दाखवतात. राज्याच्या पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत असे बाजार सुरू केले आणि ते चांगले चाललेही. पण तिथे माल घेऊन शहरात यावं लागतं, गाडी करावी लागते, गट बांधावा लागतो. ज्याला ते जमतं त्याच्यासाठी ते उत्तम. दोन क्रेट माल असलेल्या बाईला ते जमत नाही. दुसरीकडे २०२० मध्ये आलेल्या कृषी पर्यटन धोरणाचा दाखला दिला जातो. त्यात खोल्या बांधा, पर्यटकांना राहायला बोलवा, चुलीवरचं जेवण वाढा असा सगळा प्रकार आहे. त्याला भांडवल लागतं. पाटी मांडायला एक पाटी, एक तागडी आणि रस्त्याकडेला दहा फूट जागा लागते. जागेचा प्रश्न सोडला तर बाकी सगळं तिच्याकडे आहेच.

आणि जागा तर या मार्गावर आधीच ठरलेली आहे. पालखी मार्ग मंजूर करताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांना चालण्यासाठी स्वतंत्र पदपथ ठेवण्याची घोषणा झाली होती. कल्पना अगदी योग्य. पण एका गावावरून पालखी जाते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांत, आषाढीच्या सुमारास. सासवडला मुक्काम दोन रात्रींचा. उरलेले दिवस ती पट्टी काय करणार? गवत उगवेल, नाहीतर ट्रक उभे राहतील. त्याच पट्टीवरून एरवी सायकली जाव्यात, आणि गावाच्या हद्दीत ठरावीक अंतरावर ती थोडी रुंद करून तिथे पाट्या मांडायला आणि दोन-चार गाड्या उभ्या करायला जागा द्यावी. वारी आली की पाट्या बाजूला सरतील. वारकऱ्यांना वाट द्यायला त्या गावांना कोणी शिकवायला नको.

यावर आक्षेप येणार, आणि ते खरे असणार. रस्त्याकडेला गाड्या आडव्या लावल्याने अपघात होतात, वळणावर तर हमखास. पण हा युक्तिवाद जागा नाकारण्याचा आहे की जागा नेमून देण्याचा? विक्री बंद पाडली तरी लोक थांबायचे थांबत नाहीत, ते अधिक धोक्याच्या ठिकाणी थांबतात. व्यापारी येऊन बसले तर? बसू द्या, पण माल कुठला ते फलकावर लिहायची सक्ती करा; नाशिकची द्राक्षं नाशिकची म्हणून विकायला काय हरकत आहे? भूमिहीन बाई शेजारणीच्या बागेतला माल घेऊन बसत असेल तर तिला सातबारा दाखव म्हणणं मला तर अन्यायाचं वाटतं. देखभाल कोण करणार? ग्रामपंचायती पिढ्यान्‌पिढ्या आठवडे बाजार भरवत आल्या आहेत, बाजारकर गोळा करत आल्या आहेत, जागांची भांडणं मिटवत आल्या आहेत. हे काम त्यांना नवं नाही. आणि हो, पुरंदरात विमानतळ होऊ घातला आहे, खानवडी-पारगावसह सात गावांच्या जमिनी त्यात जायच्या आहेत, तेव्हा पाट्यांची चिंता कसली करता, असंही कोणी म्हणेल. त्या जमिनींवरची लढाई मोठी आहे आणि ती ज्यांची त्यांनी लढायला घेतली आहे. पण तालुक्यातली बाकीची गावं राहणार आहेत, त्यांच्या बागा राहणार आहेत, आणि विमानतळामुळे रस्ते आणखी रुंद होणार आहेत.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तिच्या मार्गावर पुरंदर-बारामतीही होतं. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत करायला सरकारला वेळ आणि पैसा सापडला, त्याचा मला आनंदच आहे. त्या डांबरावरून मीही जातो. मग सायकलीसाठी पट्टी आणि पाटीसाठी दहा फूट एवढं मागायला संकोच कसला? सायकलवाल्यांच्या गटांत रस्ते बांधणारे अभियंते आहेत, वकील आहेत, मंत्रालयात ओळख असलेले आहेत. दलाल चांगला की वाईट यावर चार दिवस टंकत बसण्यापेक्षा त्यांनी महामार्ग प्राधिकरणाच्या पुणे कार्यालयाला एक अर्ज लिहावा, सोबत बोपदेव-दिवे भागात कुठे कुठे पाट्या बसतात त्याचा नकाशा जोडावा, आणि ज्या गावांची नावं त्यात येतील त्या ग्रामपंचायतींचे ठराव मिळवावेत. घाटाचे कठडे बसायच्या आत हे झालं तर तो आराखड्यातला बदल असेल. कठडे बसल्यानंतर तीच मागणी केली, तर उत्तरात २००२ च्या कायद्याचं कलम येईल.